गर्भपाताच्या गोळ्यांचं किट: औषध चोख, नागपुरात ते मिळण्याची वाट धोक्याची

'एमटीपी किट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाकिटात पाच गोळ्या असतात. मिफेप्रिस्टोनची एक, २०० मिलिग्रॅमची, आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या. कंपन्या बऱ्याच आहेत, नावं वेगवेगळी आहेत, पण आतला हिशेब सगळीकडे हाच. म्हणून हे परीक्षण कोणत्याही एका ब्रँडचं नाही. ते या पाकिटाचं आहे, आणि नागपूर-विदर्भात ते ज्या रीतीने बाईच्या हातात पडतं त्या रीतीचंही आहे. मत आधीच सांगतो: औषध म्हणून याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. विक्री आणि सेवा म्हणून ते निम्म्यावरही पोचत नाही, आणि हे गुण कायद्याच्या धाकाने कापले गेले आहेत.

आधी औषधाबद्दल. गर्भ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. मिफेप्रिस्टोन त्याचं काम थांबवतं. अस्तर सुटू लागतं, गर्भाशयाचं तोंड मऊ होतं. मिसोप्रोस्टॉल गर्भाशयाला कळा आणतं आणि आतलं बाहेर पडतं. पहिली गोळी पाण्याबरोबर गिळायची. २४ ते ४८ तासांनी उरलेल्या चारही एकत्र, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे जिभेखाली, गालात किंवा योनीमार्गात ठेवायच्या. तोंडात ठेवल्या तर अर्धा तास तशाच विरघळू द्यायच्या आणि मग उरलेला चोथा पाण्याने गिळायचा. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. समजावून सांगणारं कुणी नसलं की पाचही गोळ्या एकदम गिळल्या जातात, किंवा चार गोळ्या सकाळ-संध्याकाळ एकेक करून दोन दिवस पुरवल्या जातात. पहिल्या प्रकारात मळमळ वाढते आणि परिणाम घटतो. दुसऱ्या प्रकारात कळा येतात, रक्त जातं, पण पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. नऊ आठवड्यांच्या आत आणि नीट क्रमाने घेतल्या तर शंभरातल्या ९५ हून अधिक जणींचं काम या पाच गोळ्यांतच पूर्ण होतं. घरगुती उपाय, काढे आणि काड्या यांच्या काळाकडे पाहिलं तर ही केवढी मोठी गोष्ट आहे!

नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस, आणि ते मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या खुणांच्या शेजारी पाळीची तारीख लिहून ठेवायची सवय बऱ्याच घरांत असते. ती तारीख इथे कामी येते. समजा पाळी १ जूनला आली होती. २८ दिवसांचं चक्र असेल तर पुढची २९ जूनला यायला हवी होती. ३ ऑगस्टला ६३ दिवस पूर्ण होतात. पण पाळी चुकल्यापासून मोजणारीच्या हिशेबाने त्या दिवशी जेमतेम पाच आठवडे झालेले असतात आणि तिला वाटतं, अजून महिना हाताशी आहे. काउंटरवरचा माणूस 'किती दिवस झाले?' एवढंच विचारतो, ती 'पस्तीस' म्हणते, आणि चूक दोघांच्याही लक्षात येत नाही. दिवस जितके पुढे गेलेले, तितका रक्तस्राव जास्त आणि गर्भपात अर्धवट राहण्याची शक्यता जास्त.

दुसरा घोटाळा गोळीच ओळखण्याचा. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची दीड मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी वेगळी. ती गर्भधारणा टाळते, चिठ्ठीशिवाय मिळते, आणि एकदा दिवस राहिल्यावर तिचा काहीच उपयोग नसतो. पाळी चुकल्यावर ही गोळी दोन-तीनदा घेऊन तीन आठवडे वाट पाहणाऱ्या मुली कमी नाहीत. ते तीन आठवडे परत मिळत नाहीत.

आता डॉक्टरकडे जायची गरज कशासाठी, ते. चिठ्ठी हा त्यातला सर्वांत लहान भाग. हिमोग्लोबिन पाहावं लागतं. ते आठच्या खाली असेल तर गोळ्यांचा रक्तस्राव घरी झेपणारा नाही. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी माहीत आहे, आणि राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यामुळे इथे ही तपासणी निव्वळ औपचारिकता समजून वगळता येत नाही. रक्तगट पाहावा लागतो. आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचा निर्णय डॉक्टर करतात. तांबी बसवलेली असताना दिवस राहिले असतील तर ती आधी काढावी लागते. रक्त पातळ करणारी औषधं किंवा बऱ्याच काळापासून स्टेरॉइड चालू असतील, तर हे किट घ्यायचं नाही. सोनोग्राफी प्रत्येकीला लागतेच असं नाही. तारखेचा भरवसा नसेल किंवा गर्भ नळीत असल्याची शंका असेल तेव्हा ती करावीच लागते.

नळीतल्या गर्भाचं नीट समजून घ्यायला हवं, कारण अशाने जीव जाऊ शकतो. या गोळ्या गर्भाशयाबाहेरच्या गर्भावर काम करत नाहीत. तरीही थोडं रक्त जातं, बाईला वाटतं सुटलो, आणि आत गर्भ वाढत राहून एक दिवस नळी फुटते. खालच्या पोटात एका बाजूला वाढत जाणारी कळ, भोवळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं ही त्याची लक्षणं आहेत. गोळ्यांनंतर जवळपास काहीच रक्त गेलं नाही, तर तेही धोक्याचंच समजायचं. रक्तस्राव पोटात होत असेल तर बाहेर तो दिसत नाही.

औषध इतकं साधं आणि खबरदारी इतकी स्पष्ट असेल, तर अडतं कुठे? काउंटरवर.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली निघाल्या. २००१ मध्ये ९१३ होत्या. हे भयंकरच होतं, आणि लिंगनिदान करणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी होती. पण सोनोग्राफी केंद्रांबरोबर औषध दुकानांतल्या या किटवरही कडक नजर आली. एकेका पाकिटाचा हिशेब, चिठ्ठीची प्रत, तपासणीत नोंद जुळली नाही तर नोटीस. दुकानदारांनी सोपा मार्ग काढला: माल ठेवायचाच नाही. यातली चूक शरीरशास्त्राची आहे. हे किट नऊ आठवड्यांपर्यंतचं. तेवढ्या दिवसांत सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी हे दिसतच नाही. ते दिसू लागतं त्यानंतर काही आठवड्यांनी. मुलगी आहे म्हणून पाडणाऱ्याला हे पाकीट उपयोगाचं नाही. ते रोखल्याने अडते ती सातव्या आठवड्यात निर्णय घेतलेली बाई. तिला नकार देत देत तेराव्या आठवड्यावर नेऊन ठेवलं, की तिच्यापुढे गोळ्यांचा मार्गही उरत नाही आणि हाताच्या सिरिंजने पिशवी रिकामी करण्याची सोपी पद्धतही उरत नाही, कारण ती बारा आठवड्यांपर्यंतच चालते. प्रसूतिपूर्व लिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा आणि वैद्यकीय गर्भपाताचा १९७१ चा कायदा हे दोन वेगळे कायदे आहेत, हे अधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि दुकानदारांनी एकदा नीट डोक्यात घ्यायला हवं.

दुकानदार 'ठेवत नाही' म्हणाला म्हणून गरज संपत नाही. मग किट ओळखीतून, बिलाशिवाय, खोक्याबाहेर काढून, नुसती पट्टी कागदात गुंडाळून दिलं जातं. माहितीपत्रक दुकानातच राहतं, बॅच नंबरही. कधी पट्टीतून फक्त दोन-तीन मिसोप्रोस्टॉल कापून देतात. मिसोप्रोस्टॉल दमट हवेत खराब होतं. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत ते टिकतं, प्लास्टिकच्या खिडकीच्या किंवा फाटलेल्या पट्टीत त्याची ताकद उतरते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. त्या हवेत टेबलाखाली दडवलेली पट्टी महिनाभर पडली असेल तर तिचा भरवसा काय? पट्टी हातात घेतल्यावर प्रत्येक फोड फुगीर आणि अखंड आहे का, मुदतीची तारीख कापली गेलेली नाही ना, पाचही गोळ्या आहेत ना, एवढं पाहायचं. यातलं एकही चुकत असेल तर घ्यायचं नाही. बिल मागायचं. बिल न देणारा उद्या काही झालं तर तुम्हाला ओळखणार नाही.

याचा आवाका किती मोठा आहे ते २०१५ सालच्या देशव्यापी अंदाजावरून कळतं: भारतात त्या वर्षी १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. दवाखान्यात झालेले जेमतेम २२ टक्के. म्हणजे या पाकिटाची खरी सेवा देशभर काउंटरवरच घडते. जिथे चार शब्द समजावून सांगायला हवेत, तिथेच ते सांगायची सगळ्यांना भीती वाटते.

भीती येते कुठून? गर्भपात आपल्याकडे मुळात गुन्हाच आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ आहे, आणि त्यात स्वतःचा गर्भपात करणारी बाईसुद्धा येते. १९७१ च्या कायद्याने त्याला अपवाद करून दिला: नोंदणीकृत आणि प्रशिक्षित डॉक्टरने, ठरलेल्या कारणासाठी, ठरलेल्या जागी केला तर गुन्हा नाही. संरक्षण डॉक्टरला मिळालं. बाईला हक्क म्हणून काही मिळालं नाही. म्हणून डॉक्टर आधी स्वतःचे कागद सांभाळतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की डॉक्टरांच्या मनातली खटल्याची भीती सुरक्षित गर्भपाताच्या आड येते.

कडक कायद्याने गर्भपात थांबत नाहीत, हे जगात फार महागात पडून सिद्ध झालेलं आहे. रुमानियात १९६६ मध्ये बंदी आली आणि १९८९ च्या डिसेंबरात ती उठली. पुढच्या एकाच वर्षात तिथले मातामृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्या बेळगावची सविता हालप्पनवार २०१२ च्या ऑक्टोबरात आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात गेली. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेलं. पण गर्भाचे ठोके चालू होते आणि तिथल्या कायद्याने आईच्या जिवाला धोका ठरेपर्यंत हात लावता येत नव्हता. धोका ठरला तेव्हा जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला होता. ती स्वतः दंतवैद्य होती, ३१ वर्षांची. तिच्या मृत्यूनंतर साडेपाच वर्षांनी, मे २०१८ मध्ये, तिथल्या जनतेने मतदान करून तो नियम काढून टाकला.

याच पाकिटातल्या मिसोप्रोस्टॉलची ब्राझीलमधली गोष्ट तर आपल्या काउंटरशी थेट जुळते. तिथे गर्भपाताला बंदी होती. १९८६ मध्ये हे औषध पोटाच्या अल्सरवर म्हणून दुकानांत आलं. बायकांनी त्याचा दुसरा उपयोग हेरला, आणि काड्या-नळ्यांनी होणारे जीवघेणे संसर्ग कमी झाले. पुढे सरकारने त्याच्या विक्रीवर बंधनं घातली आणि ते काळ्या बाजारात गेलं. गोळी तीच राहिली. किती, कशा आणि कधी घ्यायच्या, हे सांगणारं मात्र कुणी उरलं नाही.

नागपुरात योग्य वाट कोणती? सरकारी रुग्णालयांना वेगळी मान्यता लागत नाही. 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, 'मेयो' म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि गांधीबागेतलं डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय ही तिन्ही शहरात आहेत, खर्च नाममात्र. धंतोली, रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत जाणार असाल तर दर्शनी भागात 'फॉर्म बी' म्हणजे मान्यतेचं प्रमाणपत्र लावलेलं असायला हवं. ते बारा आठवड्यांपर्यंतचं आहे की पुढचं, तेही वाचून घ्या. नुसत्या गोळ्या लिहून देणाऱ्या छोट्या क्लिनिकला स्वतःची मान्यता नसली तरी चालते, पण मान्यता असलेल्या जागेशी जोडणी असल्याचं पत्र तिथे लावलेलं पाहिजे. होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाची पदवी असलेल्या डॉक्टरांना हा अधिकार नाही, ते कितीही जवळचे आणि विश्वासाचे असोत.

सही लागते ती फक्त बाईची, 'फॉर्म सी' म्हणजे संमतीपत्रावर. वय अठरा पूर्ण असेल तर नवऱ्याची, सासूची, आईबापांची, कुणाचीही सही कायद्यात नाही. तरीही 'मिस्टरांना घेऊन या' हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि त्यासाठी परत पाठवलेली बाई बहुतेकदा परत येत नाही; ती काउंटरवर जाते. २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' हे शब्द जाऊन 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे आले, त्यामुळे अविवाहित मुलीला गर्भनिरोधक फसल्याचं कारण सांगून सेवा मागता येते. नाव गुप्त राहतं: नोंदवही गोपनीय असते, इतर कागदांवर नावाऐवजी क्रमांक लिहायचा असतो, आणि माहिती फोडली तर एक वर्षापर्यंत कैद आहे. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती आणि पोक्सो म्हणजे बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं आहेच. मात्र मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव आणि ओळख पोलिसांना सांगण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. हे वाक्य छापून प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर लावावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस दोघांचं, आणि तेही बलात्कारपीडित, अल्पवयीन, मध्येच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग अशा ठरावीक गटांसाठी. वरच्याच निकालाने अविवाहितांना त्यात आणलं. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर दोष असेल तरच, वैद्यकीय मंडळाच्या अहवालावर, आणि मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. बाकीच्यांना सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची पायरी चढावी लागते, आणि तारखेच्या प्रत्येक दिवसाबरोबर पोट वाढत असतं. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करायचा असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही.

चार गोळ्यांचा दिवस ठरवताना घर कुठे आहे ते पाहा. काटोल, उमरेड, रामटेकच्या पुढच्या गावात राहणारीने तो दिवस शहरात, ओळखीच्या घरी काढावा; रात्री अकराला रक्त वाढलं तर गावातून गाडी मिळायला वेळ लागतो. सकाळी घ्या, सोबत कुणीतरी ठेवा, दुखण्याची गोळी आधी घ्या, जाड पॅड हाताशी ठेवा. त्याच दिवशी थंडी वाजणं, थोडा ताप, जुलाब होतात आणि काही तासांत थांबतात. रक्त पाळीपेक्षा जास्त जातं, गाठी पडतात, मग हळूहळू कमी होत दीड-दोन आठवडे डाग लागत राहतात.

दवाखाना कधी गाठायचा? तासाला दोन जाड पॅड पूर्ण भिजताहेत आणि दोन तास हेच चालू आहे. ताप १००.४ च्या वर जाऊन दुसऱ्या दिवशीही उतरलेला नाही. घाण वासाचा स्राव आहे. किंवा चार गोळ्या घेऊन चोवीस तास झाले आणि रक्तच आलं नाही. यातलं काहीही असलं तर १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टीत जा, आणि तिथे गोळ्या घेतल्याचं, कधी आणि किती ते खरं सांगा. घाबरून लपवलं तर डॉक्टर वेगळ्याच दिशेने तपासत बसतात. अर्धवट गर्भपातावर उपचार करणं हे डॉक्टरचं काम आहे, गोळ्या कुठून आणल्या या प्रश्नावर ते थांबवता येत नाही.

पंधराव्या दिवशीची भेट चुकवू नका. लघवीची चाचणी तीन-चार आठवडे 'हो' दाखवू शकते. पाचव्या दिवशी दोन रेघा पाहून दुसरं किट आणणं हा निव्वळ धोका आहे. गर्भ खरोखर टिकला असेल तर मात्र तो तसाच वाढू देऊ नये, कारण मिसोप्रोस्टॉलने त्यात व्यंग येऊ शकतं. तेव्हा पिशवी रिकामी करून घेणं हाच उपाय. आणि पुढची पाळी यायची वाट न पाहता गर्भनिरोधक सुरू करावं लागतं, कारण आठ-दहा दिवसांतही पुन्हा बीज सुटू शकतं. तांबी पंधराव्या दिवशीच्या भेटीत बसवून घेता येते, 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळ्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.